उपसर्ग, प्रत्यय आणि इंग्रजी शब्दांचे सांधे

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्यासाठी रोज दहा शब्द स्पेलिंग आणि अर्थासह पाठ करावेत, ही रीत महाराष्ट्रातील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून तीत प्रत्येक शब्द सुटा, एकांडा आणि बाकीच्या शब्दांशी काडीचाही संबंध नसलेला असा धरला जातो. या रीतीने शब्द पाठ होतात आणि परीक्षा संपली की विसरलेही जातात, कारण स्मरणाला धरून ठेवायला दुवाच उरत नाही. वस्तुतः इंग्रजीतील शब्दांचा फार मोठा भाग मराठीप्रमाणेच घडवलेल्या शब्दांचा आहे. मराठी व्याकरणकार शब्दांचे सिद्ध आणि साधित असे दोन वर्ग पाडतात. जो भाषेत मुळातच जसाच्या तसा आहे तो सिद्ध, आणि ज्याला काही जोडून नवे रूप आले तो साधित. शब्दाच्या आधी जोडला जातो तो उपसर्ग आणि नंतर जोडला जातो तो प्रत्यय, हे शालेय व्याकरणात सर्वांनीच वाचलेले असते. ‘उपसर्ग’ या शब्दाचा दुसरा अर्थ उपद्रव असाही आहे आणि इंग्रजी शिकणाऱ्या कित्येकांना तोच अधिक पटत असेल. पण तो दोष उपसर्गांचा नसून ते ज्या तऱ्हेने शिकवले जातात तिचा आहे.

ती तऱ्हा म्हणजे तक्ता. मार्गदर्शक पुस्तकांत ‘अन’ म्हणजे नाही, ‘री’ म्हणजे पुन्हा, ‘प्री’ म्हणजे आधी अशी यादी देऊन पुढे रिकाम्या जागा भरायला सांगितले जाते. ‘हॅपी’चे ‘अनहॅपी’ होते, मग ‘पॉसिबल’चे ‘अनपॉसिबल’ न होता ‘इम्पॉसिबल’ का होते आणि ‘लीगल’चे ‘इलीगल’ का, याचे उत्तर तक्त्यात नसते. ते इंग्रजीच्या इतिहासात असते, आणि ते समजले की अपवादांची म्हणून पाठ केलेली बरीच यादी नियमांत जाऊन बसते.

इंग्रजी ही मुळात जर्मन, डच या भाषांच्या कुळातली. ‘अन’, ‘मिस’ हे उपसर्ग आणि ‘नेस’, ‘हुड’, ‘शिप’, ‘फुल’, ‘लेस’, ‘ली’ हे प्रत्यय तिचे घरचे आहेत. इ.स. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा विल्यम जिंकला आणि त्यानंतर सुमारे तीन शतके इंग्लंडच्या दरबारात व न्यायालयात फ्रेंचचा अंमल राहिला. त्या काळात हजारो फ्रेंच शब्द त्यांच्या उपसर्ग-प्रत्ययांसह इंग्रजीत आले. फ्रेंच ही लॅटिनची लेक असल्याने तिच्यामागून लॅटिनही आली, आणि प्रबोधनकाळापासून पुढे विद्वानांनी व शास्त्रज्ञांनी ग्रीक भाषेतून शब्दांचे साहित्य उचलले. असे तीन थर इंग्रजीत एकावर एक बसले आहेत.

मराठी वाचकाला हे चित्र नवे वाटू नये, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेतही असेच थर आहेत. ‘अ’, ‘निर्’, ‘दुर्’, ‘प्रति’ हे संस्कृतातून आलेले उपसर्ग एकीकडे आणि ‘बे’, ‘ना’, ‘गैर’ हे फारसी-अरबीतून आलेले दुसरीकडे, आणि दोघांनी आपापले सोयरे ठरवून घेतले आहेत. जो प्रामाणिक नाही तो ‘अप्रामाणिक’ आणि ज्याला इमान नाही तो ‘बेइमान’. ‘बेप्रामाणिक’ किंवा ‘अइमानी’ असे कोणी म्हटले तर अर्थ कळेल, पण कान ताबडतोब हरकत घेईल. ‘अनुपस्थित’ आणि ‘गैरहजर’ यांचेही तसेच. इंग्रजीत ‘अन’ आणि ‘इन’ यांच्यातला फरक नेमका हाच आहे. ‘अन’ घरचा आणि ‘इन’ लॅटिनमधला. अर्थात सोयरिकीचे असे नियम कोठेच काटेकोर पाळले जात नाहीत. मराठीने ‘बेभान’, ‘बेसूर’ अशी मिश्र लग्ने खुशाल लावली, आणि इंग्रजीने फ्रेंच ‘ब्यूटी’ला घरचा ‘फुल’ जोडून ‘ब्यूटिफुल’ केले, तर घरच्या ‘ईट’ आणि ‘ड्रिंक’ या क्रियापदांना फ्रेंच ‘एबल’ लावून ‘ईटेबल’, ‘ड्रिंकेबल’ केले.

या मिश्रणामुळे काही जोड्या विलक्षण दिसतात. विशेषण ‘अनेबल’, पण नाम ‘इनॅबिलिटी’. ‘अनइक्वल’, पण ‘इनइक्वॉलिटी’. ‘अनजस्ट’, पण ‘इनजस्टिस’. ‘अनस्टेबल’, पण ‘इनस्टेबिलिटी’. विद्यार्थ्याला हा निव्वळ खोडसाळपणा वाटतो. परंतु ही नामे इंग्रजीने घरी घडवलेलीच नाहीत. ती बहुतांशी फ्रेंच-लॅटिनच्या साच्यातून तयार होऊन आली, आणि विशेषणांना मात्र इंग्रजांनी आपल्या सवयीचा ‘अन’ लावला. साधा ठोकताळा असा की नामाच्या शेवटी ‘इटी’ असेल तर त्याच्या डोक्यावर ‘इन’ असण्याचा संभव जास्त आणि शेवटी ‘नेस’ असेल तर ‘अन’ असण्याचा. ठोकताळाच तो, ‘सर्टन’चे ‘अनसर्टन’ झाल्यावर नामही ‘अनसर्टन्टी’ असेच राहिले आहे.

‘इन’चे आणखी एक वैशिष्ट्य असे की तो पुढच्या व्यंजनाप्रमाणे रूप बदलतो. ‘ॲक्टिव्ह’पूर्वी तो ‘इन’ राहतो, ‘पॉसिबल’पूर्वी ‘इम’ होतो, ‘लीगल’पूर्वी त्याच्या ‘न’चा ‘ल’ होतो आणि ‘रेग्युलर’पूर्वी ‘र’. ज्याने शाळेत व्यंजनसंधी शिकली आहे त्याला यात ओळखीचा चेहरा दिसायला हवा. ‘सम्’ हा उपसर्ग ‘पूर्ण’पूर्वी ‘म्’ म्हणून उच्चारला जातो, ‘तोष’पूर्वी ‘न्’ म्हणून आणि ‘गम’पूर्वी ‘ङ्’ म्हणून. ‘उत्’ला ‘लेख’ जोडला की ‘उल्लेख’ होतो आणि ‘नती’ जोडली की ‘उन्नती’. ओठ आणि जीभ एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याचे श्रम वाचवतात, हे कारण लॅटिनमध्येही तेच आणि संस्कृतातही तेच. घरचा ‘अन’ मात्र या भानगडीत पडत नाही. ‘अनपॉप्युलर’, ‘अनलॉफुल’, ‘अनरीअल’ यांत तो लेखी तरी जसाच्या तसा उभा असतो.

या संधीनियमाचा सर्वांत रोकडा उपयोग स्पेलिंगला होतो. इंग्रजीत एखादे व्यंजन एकदा लिहायचे की दोनदा, ही मराठी विद्यार्थ्याची जुनी डोकेदुखी आहे, कारण उच्चारात द्वित्त ऐकू येत नाही. ‘इलीगल’मध्ये दोन ‘एल’ का, तर एक उपसर्गाचा आणि एक मूळ शब्दाचा. ‘इरिस्पॉन्सिबल’मध्ये दोन ‘आर’ त्याच हिशेबाने. देशात येणारा ‘इमिग्रंट’ दोन ‘एम’ घेऊन येतो, कारण त्यात ‘इन’चा ‘इम’ झालेला आहे. देशाबाहेर जाणारा ‘एमिग्रंट’ एकच ‘एम’ घेऊन जातो, कारण त्यातला उपसर्ग नुसता ‘ई’ आहे. ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये दोन ‘एस’ आणि ‘डिसअपॉइंट’मध्ये एकच, कारण पहिल्यात ‘डिस’ला ‘सॅटिस्फाय’ जोडले आहे आणि दुसऱ्यात ‘अपॉइंट’. ‘मिसस्पेल’ म्हणजे चुकीचे स्पेलिंग करणे, आणि नेमक्या याच शब्दाचे स्पेलिंग चुकते, कारण ‘मिस’चा ‘एस’ आणि ‘स्पेल’चा ‘एस’ हे दोन वेगळे आहेत याचा विसर पडतो. लॉजच्या पाट्यांवर हमखास एखादे अक्षर गमावणारा ‘अकोमोडेशन’ हा शब्द उलगडला तर त्यात ‘ॲड’ आणि ‘कॉम’ असे दोन उपसर्ग एकापुढे एक निघतात; पहिल्याच्या ‘डी’चा ‘सी’ झाल्याने ‘सी’ दोन, आणि ‘कॉम’चा ‘एम’ व मूळ धातूचा ‘एम’ मिळून ‘एम’ही दोन. असा शब्द एकदा सांध्यावर सोडवून पाहिला की तो पुन्हा घोकावा लागत नाही.

संस्कृत आणि या युरोपीय भाषा यांतील साम्य केवळ संधीपुरते नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले, आणि पुढील तौलनिक अभ्यासाने ते पक्के झाले. नकाराचा उपसर्ग हा त्याचा ठळक पुरावा मानता येईल. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो, म्हणून ‘अज्ञान’ पण ‘अनादर’. ग्रीकमध्येही हुबेहूब हाच नियम आहे, म्हणून देव न मानणारा ‘एथीस्ट’ आणि शासनाचा अभाव म्हणजे ‘अनार्की’. ‘ॲटम’ म्हणजे कापता न येणारा, हा तोच ‘अ’. संस्कृताचा ‘अ-अन्’, ग्रीकचा ‘अ-अन’, लॅटिनचा ‘इन’ आणि इंग्रजीचा घरचा ‘अन’ ही चारही एकाच पूर्वजाची लेकरे आहेत. ‘अमृत’, लॅटिनमधून आलेला ‘इमॉर्टल’ आणि ग्रीकमधील देवांचे अन्न ‘अँब्रोझिया’ या तिन्ही शब्दांत तोच नकार आणि मरणाचा तोच धातू आहे, हे कळल्यावर ‘इमॉर्टल’चा अर्थ वेगळा पाठ करण्याची गरज कोणाला पडेल असे वाटत नाही.

नात्यांची ही यादी बरीच लांबते. ‘परि’ आणि ग्रीक ‘पेरि’ एकच. शाळेच्या गणितात ‘पेरिमीटर’ला ‘परिमिती’ म्हणतात तेव्हा मराठी प्रतिशब्द आणि इंग्रजी शब्द यांचे पहिले पद एकाच घरातले असते. ‘अंतर्’ आणि ‘इंटर’ यांचे नाते ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘इंटरनॅशनल’ यांत उघड दिसते. ‘इंटरनॅशनल’ हा शब्दही फार जुना नाही, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेरेमी बेंथम यांनी तो घडवला. ‘उपरि’चा भाऊ ‘हायपर’ आणि ‘उप’चा भाऊ ‘हायपो’, म्हणून रक्तदाब वर गेला की ‘हायपरटेन्शन’ आणि खाली आला की ‘हायपोटेन्शन’. दवाखान्यात या दोन शब्दांत घोळ परवडणारा नसतो. ‘दुस्’ किंवा ‘दुर्’ याचा सख्खा ग्रीक भाऊ ‘डिस’, तो ‘डिस्लेक्सिया’ आणि ‘डिस्पेप्सिया’ या शब्दांत भेटतो. येथे सावध राहावे लागते, कारण ‘डिसलाइक’ आणि ‘डिसअपीअर’ यांतला ‘डिस’ लॅटिनचा असून त्याचा या ‘दुस्’शी संबंध नाही. मराठी कानाला दोन्ही सारखे ऐकू येतात. स्पेलिंगमध्ये मात्र ग्रीक ‘डिस’ला ‘वाय’ असतो आणि लॅटिन ‘डिस’ला ‘आय’.

एकाच रूपात दोन उपसर्ग लपण्याचा हा प्रकार ‘इन’च्या बाबतीत तर धोकादायक ठरला. लॅटिनमध्ये नकाराच्या ‘इन’खेरीज ‘आत’ या अर्थाचाही एक ‘इन’ होता. ‘इन्क्लूड’, ‘इम्पोर्ट’ यांत तो आहे. ‘इन्फ्लेम’ म्हणजे ज्वालांच्या स्वाधीन करणे, म्हणून ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारे. महामार्गावरून जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर हा शब्द ठळक अक्षरांत रंगवलेला असतो आणि तक्ता पाठ केलेला वाचक त्यातून ‘न पेटणारे’ असा नेमका उलटा अर्थ काढू शकतो. खुद्द इंग्रजी भाषकांचीही अशी फसगत होऊ नये म्हणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्यांनी ‘फ्लेमेबल’ हे उपसर्ग छाटलेले रूप वापरण्याचा आग्रह धरला. परिणामी आज ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ हे दोन्ही शब्द कोशात एकाच अर्थाने नांदतात.

‘अन’चेही दोन प्रकार आहेत. विशेषणाला लागला की तो नकार सांगतो, पण क्रियापदाला लागला की केलेली क्रिया उलटवतो; ‘अनटाय’ म्हणजे न बांधणे नव्हे, तर बांधलेले सोडणे. मराठीत क्रिया उलटवण्यासाठी उपसर्ग नाही. बांधलेले सोडायचे, शिवलेले उसवायचे, गुंडाळलेले उलगडायचे, अशी प्रत्येक कामाला वेगळी क्रियापदे मराठीने राखून ठेवली आहेत. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये व्यवहार टप्प्याटप्प्याने सुरू झाले तेव्हा ‘लॉकडाऊन’ला ‘टाळेबंदी’ हा मराठी शब्द मिळालेला होता, पण ‘अनलॉक’ला तितका आटोपशीर शब्द न सापडल्याने वृत्तपत्रांनी तो तसाच वापरला आणि महाराष्ट्र शासनाने ‘पुनश्च हरिओम’ असा वेगळ्याच वाटेने जाणारा शब्दप्रयोग केला. याच शब्दापासून होणारा ‘अनलॉकेबल’ हा शब्द तर दोन तऱ्हांनी सोडवता येतो. आधी ‘लॉकेबल’ करून मग ‘अन’ लावला तर ज्याला कुलूप लावता येत नाही असे दार, आणि आधी ‘अनलॉक’ करून मग ‘एबल’ लावला तर ज्याचे कुलूप उघडता येते असे दार. शब्दाचे तुकडे ओळखणे पुरेसे नसते, ते कोणत्या क्रमाने जोडले गेले हेही पाहावे लागते.

प्रत्ययांकडे वळले की प्रश्न बदलतो. उपसर्ग सहसा अर्थ बदलतो, तर प्रत्यय बहुधा शब्दाची जात बदलतो; विशेषणाचे नाम, नामाचे विशेषण, क्रियापदाचा कर्ता. काही प्रत्यय एके काळी स्वतंत्र शब्द होते. ‘फुल’ हा ‘फुल’च, म्हणजे भरलेला, ‘लेस’ हा मात्र ‘कमी’ या अर्थाचा ‘लेस’ नसून ‘विरहित’ या अर्थाच्या एका जुन्या शब्दाचा अवशेष आहे. मराठीत ‘पूर्ण’ आणि ‘हीन’ यांनी हेच काम पत्करले आहे, म्हणून ‘मीनिंगफुल’ला ‘अर्थपूर्ण’ आणि ‘मीनिंगलेस’ला ‘अर्थहीन’ असे नेमके जोड मिळतात. ‘नेस’ आणि ‘इटी’ यांची वाटणी तर ‘पणा’ आणि ‘ता’ यांच्यासारखीच आहे. ‘पणा’ कोणालाही चिकटतो, अगदी ‘प्रोफेशनलपणा’पर्यंत; ‘ता’ निवडून संस्कृत शब्दच घेतो, म्हणून ‘नम्रता’ होते, पण ‘शहाणता’ होत नाही. इंग्रजीत ‘नेस’ असाच कोणालाही चालतो आणि ‘इटी’ लॅटिन कुळ पाहून बसतो. 

‘ई’ने संपणारा एक प्रत्यय मुद्दाम पाहण्यासारखा आहे, कारण तो नोकरी आणि बँक या दोन्ही ठिकाणी रोज भेटतो. इंग्लंडच्या न्यायालयांत वापरल्या जाणाऱ्या फ्रेंचमधून तो आला आणि ज्याच्यावर क्रिया होते त्या माणसाला तो लागतो. नोकरी देणारा ‘एम्प्लॉयर’ आणि नोकरीवर घेतलेला ‘एम्प्लॉयी’. शिकवणारा ‘ट्रेनर’ आणि शिकणारा ‘ट्रेनी’. धनादेशाच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघांमध्ये लिहिलेल्या ‘अकाउंट पेयी’ या शब्दांतला ‘पेयी’ म्हणजे ज्याला पैसे द्यायचे तो, बँकेच्या मराठीत ‘आदाता’. मात्र ‘ॲबसेंटी’ म्हणजे स्वतःच गैरहजर राहणारा, तेव्हा येथे हा नियम डळमळतो.

प्रत्ययामुळे मूळ शब्दाचा उच्चार बदलतो, ही गोष्ट मराठी भाषकांना सर्वाधिक अडते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटॉग्रफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर पडतो, मराठीत आघाताने शब्द असा हेलकावत नसल्याने मराठी भाषक तिन्ही शब्द एकाच सपाट चालीने म्हणतो. ‘नेशन’चा स्वर ‘नॅशनल’मध्ये आखूड होतो, ‘डिव्हाइन’चा ‘डिव्हिनिटी’मध्ये, आणि ‘इलेक्ट्रिक’च्या शेवटच्या ‘क’चा ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘स’ होतो. पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार पालटले आणि ऱ्हस्व स्वर मागे राहिले, स्वरांतला हा फरक त्याची खूण आहे. मराठीत ‘इक’ प्रत्यय लागताच ‘समाज’चे ‘सामाजिक’, ‘दिन’चे ‘दैनिक’ आणि ‘भूगोल’चे ‘भौगोलिक’ होते. या स्वरवाढीला पाणिनीने वृद्धी म्हटले असून अष्टाध्यायीचे पहिलेच सूत्र तिची व्याख्या करते. मराठीत पहिला स्वर वाढतो आणि इंग्रजीत बहुधा घटतो, एवढाच दिशेचा फरक.

शास्त्रीय शब्दांत प्रत्ययांची उपयुक्तता सर्वाधिक आहे, कारण तेथे अर्थ सहसा घसरत नाही. ‘आयटिस’ म्हणजे दाह, हे कळले की टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, ब्राँकायटिस, हिपॅटायटिस हे रोग नव्हे तरी त्यांची नावे आटोक्यात येतात, आणि ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणे, हे कळले की शस्त्रक्रियेच्या कागदावरचा ‘अपेंडेक्टॉमी’ वाचता येतो. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ‘इन्सेक्टिसाइड’, ‘फंगिसाइड’ आणि ‘हर्बिसाइड’ शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि द्राक्षबागायतदार ती नावे सहज उच्चारतो. मराठीत ती अनुक्रमे कीटकनाशक, बुरशीनाशक आणि तणनाशक. त्यांतला ‘साइड’ लॅटिनमधील ‘मारणे’ या धातूपासून आला आहे आणि तोच ‘सुइसाइड’मध्ये स्वतःवर उलटतो. राफाएल लेम्किन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये एका अख्ख्या मानवसमूहाच्या संहाराला नाव देताना वंश या अर्थाच्या ग्रीक शब्दाला हाच ‘साइड’ जोडून ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. ग्रीक डोके आणि लॅटिन धड असलेला ‘टेलिव्हिजन’ हाही याच संकराचा नमुना.

इतके झाल्यावर एक इशारा आवश्यक आहे. उपसर्ग-प्रत्ययांचे ज्ञान वाचताना अनोळखी शब्द ओळखण्यासाठी जितके विश्वसनीय, तितके स्वतः नवे शब्द पाडण्यासाठी नाही. ‘स्लो’चे ‘स्लोली’ होते म्हणून ‘फास्ट’चे ‘फास्टली’ करणारा विद्यार्थी तर्काने चुकलेला नसतो, पण इंग्रजी ‘फास्ट’वरच थांबते; आणि ‘हार्ड’चे ‘हार्डली’ होते खरे, मात्र त्याचा अर्थ कष्टाने असा न होता जेमतेम किंवा क्वचितच असा होतो. ‘टीच’ करणारा ‘टीचर’, मग ‘कुक’ करणारा ‘कुकर’ का नाही, याचे उत्तर मराठी स्वयंपाकघरातच शिट्ट्या मारत असते. माणसासाठी ‘कुक’ हा शब्द आधीपासून होता, म्हणून नवे रूप भांड्याच्या वाट्याला आले. ‘अंकल’मधले ‘अन’ हा उपसर्ग नव्हे आणि ‘अंडरस्टँड’चा अर्थ त्याच्या दोन तुकड्यांतून निघत नाही. संस्कृतात ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार होतात आणि नुसता उपसर्ग पाहून त्यांचे अर्थ सांगता येत नाहीत. लॅटिन ‘पोर्ट’, म्हणजे वाहून नेणे, यापासून झालेल्या इम्पोर्ट, एक्सपोर्ट आणि ट्रान्सपोर्टचा अर्थ सरळ लागतो, पण रिपोर्ट आणि सपोर्ट यांच्या अर्थासाठी वाकडी वाट करून जावे लागते.

तरीही बोलणारे लोक शब्द पाडतच असतात आणि कधी कधी ते खपूनही जातात. ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणे, तर अलीकडे ओढणे ‘प्रीपोन’, अशी भारतीय कचेऱ्यांतील मंडळींनी सोय करून घेतली आणि तिची इंग्रजी कोशांनी भारतीय इंग्रजीतील शब्द म्हणून नोंद घेतली. ‘प्री’ आणि ‘पोस्ट’ हे दोन्ही लॅटिनच असल्याने घडणीच्या दृष्टीने तो निर्दोषच आहे. ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द मुळात ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असा जोडलेला, म्हणजे मळसूत्रासारखा पंख. लोकांनी तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा भलत्याच ठिकाणी तोडला आणि त्यातून ‘हेलिपॅड’ निघाले, जे आता मंत्र्यांच्या दौऱ्याच्या प्रत्येक मराठी बातमीत असते. मराठीनेही इंग्रजी शब्दांवर आपले प्रत्यय चढवून ‘डॉक्टरकी’ आणि ‘मास्तरीण’ केले आहे, तेव्हा कोणी कोणाला हसू नये.

शिकण्याचा आवाका किती, हेही ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील शालेय पाठ्यसाहित्यातील शब्दांच्या आधारे व्हाइट, सोवेल आणि यानागिहारा यांनी १९८९ मध्ये दाखवले की ‘अन’, ‘री’, नकाराचा ‘इन’ आणि ‘डिस’ हे चार उपसर्गच उपसर्गयुक्त शब्दांपैकी ५८ टक्के शब्दांत येतात आणि पहिल्या वीस उपसर्गांत ९७ टक्के शब्द आटोपतात. म्हणजे शंभर उपसर्गांचा तक्ता भिंतीवर लावण्यापेक्षा चार उपसर्ग त्यांच्या खोडींसह नीट समजून घेणे अधिक फायद्याचे.

शब्दकोश या कामी अर्धीच मदत करतो. वर्णानुक्रमामुळे प्रत्ययांनी झालेली भावंडे त्यात शेजारी राहतात, ‘हॅपी’, ‘हॅपिली’, ‘हॅपिनेस’ एकाच पानावर सापडतात. पण उपसर्ग लागला की ‘अनहॅपी’ शेवटच्या पानांकडे फेकला जातो आणि ‘पोर्ट’चे कुटुंब सगळ्या कोशभर विखुरते. म्हणून शिकणाऱ्याने आपली वही वर्णानुक्रमाने न लिहिता मूळ शब्दानुसार लिहावी, एका पानाला एक धातू द्यावा, आणि वाचताना त्याचा नवा नातलग भेटेल तेव्हा त्याच पानावर त्याची नोंद करावी.